दुकानाचे भांडवल आणि उधारीची वही

व्यापारी घरातील मुलगा किंवा मुलगी शिक्षण पूर्ण करून स्वतंत्र व्यवसायाचा विचार बोलून दाखवते, तेव्हा वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘भांडवल किती आणि कोठून?’ प्रश्न रास्त आहे. परंतु त्याच्याइतकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न पुष्कळदा विचारलाच जात नाही : दुकानातून बाहेर गेलेला पैसा परत किती दिवसांनी येणार? नवउद्योजकाला धीर देणारी वस्तुस्थिती पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात आहे. सावध करणारी दुसऱ्याच्या.

अल्प प्रारंभ

जळगाव जिल्ह्यातील वाकोदचे भवरलालजी जैन यांनी १९६३ मध्ये कुटुंबाच्या साठवलेल्या ७,००० रुपयांवर रॉकेलचा व्यापार सुरू केला. पुढे त्याच व्यापारातून ठिबक सिंचनाचा विशाल उद्योग उभा राहिला. मुंबईत गिरगावातील सात गृहिणींनी १५ मार्च १९५९ रोजी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. तीच आजची ‘लिज्जत’. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी घेतली, खाटेवर पापड पसरले, खाली शेगडी पेटवली आणि पावसाळ्यातही काम चालू ठेवले. अडचण सर्वांनाच येते. ती नेमकी कोठे आहे हे ओळखले, तर उपाय पुष्कळदा स्वस्तात होतो.

आजच्या तरुणाला त्या काळी नसलेल्या सोयी उपलब्ध आहेत. ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात ५० हजार, ‘किशोर’ गटात ५ लाख आणि ‘तरुण’ गटात १० लाख रुपयांपर्यंत कर्ज तारणाशिवाय मिळू शकते. उत्पादन व सेवा यांच्याबरोबर व्यापारालाही ही योजना लागू आहे. उद्यम नोंदणी विनामूल्य होते. त्यासाठी मध्यस्थाला पैसे देण्याचे कारण नाही.

नफा वहीत, पैसा बाजारात

एक साधा हिशेब पाहावा. एखाद्या दुकानाची मासिक विक्री ४ लाख रुपये आहे. मालाची खरेदी ३ लाख ४० हजार. भाडे, पगार, वीज वगैरे खर्च ३५ हजार. निव्वळ नफा २५ हजार, म्हणजे वर्षाला ३ लाख. आता निम्मी विक्री ४५ दिवसांच्या उधारीवर होत असेल, तर कोणत्याही दिवशी ३ लाख रुपये ग्राहकांकडे अडकलेले असतात. संपूर्ण वर्षाचा नफा दुसऱ्याच्या खिशात! त्यातच मालक घरखर्चासाठी दरमहा २५ हजार उचलत असेल, तर तो नफा समजून मूळ भांडवलच खात असतो. वही नफा दाखवते, पण घाऊक व्यापाऱ्याचा धनादेश वटवण्यापुरते पैसे खात्यात नसतात.

बुडीत उधारीचा हिशेब याहून कठोर आहे. वरील दुकानात निव्वळ नफ्याचे प्रमाण सव्वासहा टक्के आहे. १० हजारांची वसुली बुडाली, तर तेवढा नफा पुन्हा मिळवण्यासाठी त्याच प्रमाणात १ लाख ६० हजारांची विक्री करावी लागते. ‘नाही’ म्हणण्याचा संकोच कधी कधी एवढा महाग पडतो.

बँक काय पाहते

लहान व्यवसायासाठी खेळते भांडवल ठरवताना बँका साधारणपणे अपेक्षित वार्षिक उलाढालीचा आधार घेतात. उलाढालीच्या २५ टक्के गरज धरून त्यांपैकी २० टक्के बँक देते आणि ५ टक्के मालकाने घालावयाचे असतात. उपरोक्त दुकानाची उलाढाल ४८ लाख; म्हणजे गरज १२ लाख, बँकेचा वाटा ९ लाख ६० हजार आणि स्वतःचे २ लाख ४० हजार. मात्र ही उलाढाल विश्वसनीय वाटली पाहिजे. विक्री खात्यातून झालेली दिसावी, विवरणपत्रे वेळेवर भरलेली असावीत आणि जुन्या कर्जाचे हप्ते थकलेले नसावेत. रोखीत विक्री करून ती लपवणारा दुकानदार कर्ज मागण्याच्या दिवशी स्वतःच्याच हिशेबाने लहान ठरतो.

कायद्याचा आधार आणि त्याची मर्यादा

२००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. लेखी करार नसेल, तर १५ दिवसांत. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. मात्र व्यापारी कुटुंबांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. जुलै २०२१ पासून किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली झाली, तरी त्यांना मिळणारा लाभ अग्रक्रम क्षेत्रातील कर्जापुरता आहे. विलंबित वसुलीचे संरक्षण त्यांना नाही. जो स्वतः माल तयार करतो वा सेवा देतो, त्याच्यामागे हा कायदा उभा राहतो. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्याला आपली वसुली स्वतःच सांभाळावी लागते.

म्हणून आरंभीच काही नियम घालून घेणे हिताचे. दुकानाचे व घराचे खाते वेगळे असावे आणि मालकानेही ठरावीक रक्कमच पगारासारखी घ्यावी. प्रत्येक ग्राहकाच्या उधारीला मर्यादा व मुदत असावी. मागील बाकी आल्याशिवाय पुढील माल देऊ नये, मग ग्राहक नात्यातला का असेना. किमान तीन महिन्यांचे भाडे व पगार भागतील एवढी रक्कम बाजूला ठेवावी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी येणी-देण्यांची यादी करून ती घरातील जाणत्या माणसासमोर वाचावी. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पेढीवर हेच होत असे. दिवा लागल्यावर रोजमेळ जुळल्याशिवाय कोणी उठत नसे. संगणकाने बेरीज सोपी केली आहे. ती रोज पाहण्याची सवय मात्र नव्या दुकानदाराला स्वतःच लावून घ्यावी लागेल.