छकडा
छकडा : माणसांच्या प्रवासासाठी वापरावयाची हलकी, दुचाकी बैलगाडी. चामोर्शी तालुक्यातील (जि. गडचिरोली) वैनगंगाकाठच्या मार्कंडा येथे महाशिवरात्रीच्या यात्रेस पूर्वी कुटुंबे छकड्याने येत, तट्ट्याचे छत घातलेला छकडाच मुक्कामात निवारा होई. पहिला छकडा नवा घ्यावा की जुना, हे चाकावरून ठरवावे. छत व रंग फसवे असतात. तिवस किंवा बाभूळ यांचे लाकूड पुरेसे वाळलेले नसल्यास उन्हाळ्यात आकसते, आरे खिळखिळे होतात आणि तापवून चढविलेली लोखंडी धाव सैल पडते. उन्हाळा सोसूनही धाव घट्ट राहिलेला जुना छकडा म्हणूनच अधिक भरवशाचा. मात्र तुंब्यास (चाकाच्या मध्यभागास) तडा असल्यास तो घेऊ नये. जंगलवाटेवर तुंबा फुटल्यास तेथे दुरुस्ती होत नाही.