आधी करडाचा चीक, मग आपला खरवस

मिरज हे डॉक्टरांचे गाव. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली येथे दवाखाना उभा केला, १९६२ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. पार कर्नाटकातून लेकीबाळी बाळंतपणाला मिरजेत येतात. पण याच गावात आमच्या वस्तीतली शेळी व्यायला आली की तिचे सारे ऐकीव माहितीवर चालते. मी स्वतःला यातून वगळत नाही.

आमच्या गल्लीतल्या आक्का चार घरची धुणीभांडी करतात. बचत गटाचे कर्ज काढून त्यांनी एक काळी शेळी घेतली. उस्मानाबादी जातीची. या शेळ्या धाराशिव-लातूरकडच्या. ज्या लातूरला २०१६ साली आपल्या मिरजेतून रेल्वेने पाणी गेले, त्याच मुलखातल्या. कमी चाऱ्यावर टिकतात, बहुतेक वेळा जुळी देतात, म्हणून गरिबाला परवडतात. पोरांनी तिचे नाव काळी ठेवले. दिवसा ती दाराशी आणि रात्री चुलीच्या खोलीत, म्हणजे घरातलेच एक माणूस.

काळी पहिल्यांदा व्याली ती पावसातल्या रात्री. दोन करडे झाली, धडधाकट होती. ती उठून कासेकडे धडपडू लागली तशी शेजारची एक म्हातारी म्हणाली, "वार पडल्याबिगर चीक पाजायचा न्हाय. पोटात वार अडकती." सगळ्यांनी मान डोलावली. मी बी.कॉम. झालेला, कचेरीत फायली तपासणारा माणूस तेथेच कंदील धरून उभा होतो. मीही मान डोलावली! वार पडायला सकाळ उजाडली. तोवर एक करडू गार पडले होते. दुसऱ्याला नंतर हगवण लागली, ते चौथ्या दिवशी गेले. कोणी म्हणाले नजर लागली, लिंबू-मिरची बांधा. आक्का काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी मला एवढेच म्हणाल्या, "दादा, आता हप्ता कशातनं भरू?"

म्हातारी मनाने वाईट नव्हती. तिच्या आईने तिला सांगितले, तिने आम्हाला सांगितले. पण दुसऱ्या दिवशी मी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी समजावून दिले ते ऐकून मला रात्री झोप आली नाही.

बाईच्या पोटातल्या बाळाला आईच्या रक्तातून रोगाशी लढणारी शक्ती पोटात असतानाच मिळते. शेळी, गाय, म्हैस यांचे तसे नाही. त्यांची वार वेगळ्या घडणीची असते, तिच्यातून ही शक्ती पलीकडे जात नाही. करडू जन्मते तेव्हा रोगापुढे अगदी निःशस्त्र असते. त्याची सगळी शक्ती पहिल्या पिवळसर घट्ट दुधात, म्हणजे चिकात असते. आणि करडाचे आतडे ही शक्ती जशीच्या तशी शोषून घेते ते फक्त पहिल्या दिवसात. तेही तासागणिक कमी होत जाते. म्हणून पहिल्या तासाभरात चीक पोटात गेलाच पाहिजे. दिवसभरात वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे दोन किलोच्या करडाला सुमारे २०० मिली, तीन-चार वेळा विभागून. आमच्या करडांना आम्ही नेमके तेच तास उपाशी ठेवले होते.

पुढची गोष्ट तर आणखी चटका लावणारी. करडू सडाला लागले की शेळीची पिशवी आवळते आणि वार पडायला मदतच होते. म्हणजे आपली समजूत अगदी उलटी! वार साधारण सहा ते आठ तासांत पडते. बारा तास उलटूनही पडली नाही तर डॉक्टरांना बोलवावे. ती ओढू नये, तिला दगड बांधू नये.

काळी पुन्हा माजावर आली तेव्हा मी कारकुनी बुद्धी वापरली. बोकड दाखवल्याची तारीख कॅलेंडरवर लिहिली, १ जून. शेळीचे दिवस साधारण १५०, चार-पाच मागे-पुढे. हिशोबाने २९ ऑक्टोबर आला. तारीख हाताशी असली की सगळी धावपळ निम्म्याने कमी होते. वाचकांपैकी ज्यांच्या दारी शेळी असेल त्यांनी एवढे तरी लिहून ठेवावे.

शेवटचे दोन महिने दूध काढणे बंद केले. पोटातले पिल्लू खरे वाढते ते याच काळात. जुळी असतील तर आईचे अंग झिजते, आणि खाणे कमी पडले तर शेळी मलूल होऊन बसते ती उठतच नाही. आक्कांनी रोज पाव किलो भरडा सुरू केला, पण एकदम नाही, मूठ-मूठ वाढवत. एकदम धान्य घातले तर पोट बिघडते. सोबत शेवरी, सुबाभळीचा पाला आणि स्वच्छ पाणी. विण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांनी आंत्रविषाराची लस टोचली. ती आईला टोचली तरी चिकातून पिल्लांना उपयोगी पडते. पोरांना ताकीद होती, काळीला पळवायचे नाही, पोटावर मारायचे नाही, दुसऱ्या शेळ्यांच्या धक्क्यात सोडायचे नाही.

२७ तारखेला कास तट्ट भरली. शेपटीच्या दोन्ही बाजूंना खळगे पडले. संध्याकाळी काळी पायाने जमीन उकरू लागली, ऊठबस करू लागली. कोरडे गोणपाट अंथरले, नखे कापून हात साबणाने धुतले, टिंक्चर आयोडीनची बाटली आणि उकळलेला दोरा जवळ ठेवला. पाणमोट फुटल्यावर अर्ध्या-पाऊण तासात पिल्लू आले नाही तर आपण आत हात घालायचा नाही, डॉक्टरांना बोलवायचे, हे ठरलेले होते. १९६२ हा टोल फ्री क्रमांक भिंतीवर लिहिला होता. वैद्यकीय महाविद्यालयाचे साल आणि शेळीच्या डॉक्टरांचा क्रमांक एकच, त्यामुळे आम्हा मिरजकरांना पाठ करायला सोपा!

पण गरज पडली नाही. रात्री साडेदहाला पहिले करडू आले, वीस मिनिटांनी दुसरे. नाकातोंडातला चिकटा पुसला, काळीला चाटू दिले. नाळ दोन बोटे ठेवून बांधली, कापली, टोक आयोडीनमध्ये बुडवले. मग सडातली पहिली धार जमिनीवर सोडून, कारण तोंडाशी खडा बसलेला असतो, करडांना लावले. पहिले लगेच चोखू लागले. दुसरे मात्र लहान, मान टाकत होते. त्याला आक्कांच्या मुलीने मांडीवर घेऊन फडक्याने घासून ऊब आणली, वाटीत चीक पिळून चमच्याने थेंब-थेंब पाजला. मान सरळ ठेवून, नाहीतर दूध फुप्फुसात जाते. दर दोन-तीन तासांनी ती उठत होती. शाळेत नववीला आहे. पहाटे ते करडू आपले आपण उभे राहिले.

म्हातारीही बसून होती. वार अजून पडली नव्हती आणि करडे चोखत होती, तेव्हा तिचा चेहरा पाहण्यासारखा होता. पहाटे साडेतीनला वार पडली. ती म्हणाली, "आमच्या वक्ताला कुणी सांगितलंच न्हाय बाबा."

वारेबद्दल एक महत्त्वाचे. ती कुत्र्यापुढे टाकू नये, चुना घालून खोल पुरावी. आणि शेळी दिवस भरण्याआधी गाभडली तर पडलेल्या पिल्लाला उघड्या हाताने शिवू नये, घरातल्या गरोदर बाईने तर जवळही जाऊ नये. असे एक-दोन रोग शेळीतून माणसाला होतात. डॉक्टरांना कळवावे, लाजू नये.

आपल्याच भागात यावर मोठे काम झाले आहे. फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्था १९६८ पासून आहे, तेथे जुळी देणाऱ्या मेंढीवर संशोधन झाले. शिरवळला १९८८ पासून क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाचे पशुवैद्यक महाविद्यालय आहे. एवढे सगळे काही तासांच्या अंतरावर, आणि आमच्या गल्लीत मात्र लिंबू-मिरची.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आक्कांच्या मुलीने आमच्या घरी वाटीभर खरवस आणून दिला. "आईनं सांगितलंय, दोघांची पोटं भरून उरलेला हाय," ती दारातूनच म्हणाली, आणि करडांना पाजायची वेळ झाली म्हणून पळाली.