सर्व्हर नवा, परवाने जुने : मोजदाद कुठे अडते?

संत तुकारामनगरला लागून पिंपरी आणि भोसरीची औद्योगिक वसाहत आहे. येथील लहान वर्कशॉपमध्येही आता बिले, चलने आणि मालाचा साठा एकाच सर्व्हरवर ठेवतात व आठ-दहा जण आपापल्या संगणकावरून त्यावर काम करतात. विंडोज सर्व्हर २०१२ची नियमित दुरुस्ती १० ऑक्टोबर २०२३ रोजी बंद झाली, म्हणून पुष्कळांना नवी आवृत्ती घ्यावी लागली. त्यानंतर येणारी एक अडचण आम्ही येथे समजावून देत आहोत.

सर्व्हर बदलल्यावर सारे सुरळीत चालते. तीन-चार महिन्यांनी मात्र एके सकाळी कोणालाच आत जाता येत नाही. कारण साधे आहे. दूरच्या संगणकावरून सर्व्हरवर काम करण्यासाठी 'रिमोट डेस्कटॉप'चे वेगळे परवाने लागतात आणि ते नसताना मायक्रोसॉफ्ट १२० दिवसांची सवलत देते. ती संपली की दार बंद होते. म्हणजे दोष पहिल्याच दिवसाचा असतो, दिसतो मात्र उशिरा.

अशा वेळी तीन गोष्टी क्रमाने तपासाव्यात.

पहिली, परवान्याची आवृत्ती. २०१२चा परवाना २०१९ किंवा २०२२च्या सर्व्हरवर चालत नाही. नवा परवाना जुन्या सर्व्हरवर चालतो, उलट होत नाही. सर्व्हरच्या किमतीत हा खर्च आधीच धरावा.

दुसरी, परवान्याचा प्रकार. 'पर डिव्हाइस' परवाना संगणकाच्या नावे जातो. संगणक फॉरमॅट केला की तोच संगणक दुसरा परवाना घेऊन बसतो. पहिला ५२ ते ८९ दिवसांत आपोआप परत येतो. तातडी असल्यास एकूण परवान्यांपैकी २० टक्क्यांपर्यंत परवाने हाताने सोडवता येतात. तेव्हा आकडा संपला म्हणून लगेच नवीन खरेदी करू नये.

तिसरी, नोंद. 'पर यूजर' परवाना माणसाच्या नावे असतो व त्याची नोंद डोमेनमध्ये होते. नव्या सर्व्हरचे नाव डोमेनमधील 'टर्मिनल सर्व्हर लायसन्स सर्व्हर्स' या गटात घातले नसेल, तर अहवाल कोरा येतो. काम चालू राहते, म्हणून मालक निर्धास्त असतो. पण दहा परवान्यांवर पंधरा जण बसले तरी कळत नाही. तपासणी झाली की हिशेब त्यालाच द्यावा लागतो.

नेमका दोष कोठे आहे हे सर्व्हरमधील 'लायसन्सिंग डायग्नोझर' सांगतो. संगणक दुरुस्त करणाऱ्याला तो आपल्यासमोर उघडायला सांगावे.

काही जण १२० दिवसांचे घड्याळ पुन्हा मागे फिरवण्याची युक्ती सुचवतात. ती परवान्याच्या अटी मोडणारी आहे. चोरीची प्रत तर त्याहून वाईट. प्रताधिकार कायदा १९५७च्या कलम ६३-ब नुसार ती जाणूनबुजून वापरल्यास ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो.

खरेदीची पावती, करार क्रमांक आणि परवान्यांची संख्या एका वहीत लिहून ठेवावी. परवाने नव्या सर्व्हरवर हलवताना हीच माहिती विचारली जाते. टॅलीचा परवानाही संगणक फॉरमॅट करण्यापूर्वी 'सरेंडर' करावा. दुकानाच्या भाडेपट्ट्याइतकेच हे कागद जपावेत, असे आमचे सांगणे आहे.