हिवाळ्यातील रस्तेसफाईचा क्रम : कार्ल्सकूगा नगराचे उदाहरण

जेथे दरवर्षी बर्फ पडते अशा नगरात हिवाळ्यात रस्ते मोकळे ठेवणे, हे वरवर पाहता यंत्रांचे व मनुष्यबळाचे काम वाटते. यंत्रे वाढवावीत म्हणजे सफाई सुधारेल, हा त्यावरील सर्वपरिचित उपाय. स्वीडनमधील कार्ल्सकूगा या लहानशा औद्योगिक नगराचा अनुभव मात्र निराळा आहे. (बोफोर्सचा तोफांचा कारखाना याच गावचा; तेव्हा भारतीय वाचकास या गावाची अप्रत्यक्ष ओळख आहेच.) तेथे प्रश्न यंत्रसंख्येचा नव्हे, क्रमाचा ठरला, आणि त्या क्रमाच्या मुळाशी ‘रस्ता’ व ‘अपघात’ या दोन शब्दांच्या अर्थाविषयीची गृहीते होती.

पूर्वीचा क्रम असा होता : प्रथम मोठे वाहनमार्ग, त्यानंतर लहान रस्ते आणि सर्वांत शेवटी पादपथ व सायकलमार्ग. २०११ साली स्त्रीपुरुषसमानतेच्या दृष्टीने नगरपालिकेच्या सर्व कामांची तपासणी झाली, तेव्हा निदान बर्फ काढण्याशी तरी या विषयाचा संबंध येणार नाही, असे एका अधिकाऱ्याने विनोदाने म्हटल्याचे सांगतात. संबंध निघाला तो येथेच. मोटारीने घरून थेट कामावर जाणाऱ्यांत पुरुष अधिक, तर पायी वा बसने जाणाऱ्यांत स्त्रिया अधिक. मुलास बालवाडीत सोडणे, तेथून कामावर जाणे, परतताना बाजारहाट करणे किंवा वृद्ध आईवडिलांकडे डोकावणे, असा त्यांचा प्रवास तुकड्यातुकड्यांनी होतो. ‘रस्ता’ म्हणजे मोटारीचा मार्ग असे मानले की हा सारा प्रवास आपोआप यादीच्या तळाशी जातो.

आठदहा सेंटीमीटर बर्फातून मोटार बहुधा निघून जाते. बाळाची गाडी, चाकांची खुर्ची किंवा काठी टेकीत जाणारे म्हातारे माणूस जाऊ शकत नाही. त्यात बर्फ सारणारा नांगर वाहनमार्ग मोकळा करताना ते बर्फ कडेला लोटतो, आणि नेमक्या पादचाऱ्याच्या वाटेवर बांध उभा राहतो. शिवाय ताजे, भुसभुशीत बर्फ हलविणे सोपे असते. तेच पावलांखाली तुडविले गेले, दुपारी थोडे वितळले व रात्री पुन्हा गोठले, की त्याचा काचेसारखा थर बनतो. मग नांगर उपयोगी पडत नाही. थर खरवडावा लागतो, मीठ किंवा खडी टाकावी लागते. उणे दहा अंशांच्या खाली तापमान गेल्यास मिठाचाही प्रभाव मंदावतो. स्वीडिश भाषेत या दोन कामांस दोन स्वतंत्र शब्द आहेत : बर्फ हटविण्यास ‘स्नोरॉयनिंग’ आणि घसरण टाळण्याच्या उपायांस ‘हल्कबेशेम्पनिंग’. मराठीतील ‘सफाई’ या शब्दात हा भेद लोपतो, आणि ज्या प्रदेशात बर्फच पडत नाही तेथील भाषेस त्याबद्दल दोष देणे योग्य नव्हे. परंतु पहिले काम वेळेवर न झाल्यास दुसऱ्याचा भार वाढतो, हे त्या भेदामुळेच स्पष्ट दिसते.

‘अपघात’ या शब्दाची गोष्ट अधिक गंभीर आहे. अधिकृत व्याख्येनुसार रस्त्यावरील वाहतूक-अपघात होण्यास निदान एक चालते वाहन आवश्यक असते. बर्फावरून घसरून एखाद्या वृद्धेचे मनगट वा खुब्याचे हाड मोडले, तर तो या व्याख्येत बसत नाही आणि पोलिसांच्या आकडेवारीत येत नाही. येतो तो रुग्णालयाच्या दप्तरात. उत्तर स्वीडनमधील उमेओ येथे रुग्णालयाच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा हिवाळ्यात पडून जायबंदी होणाऱ्या पादचाऱ्यांत स्त्रियांची संख्या बरीच अधिक आढळली. सफाईवर वाचविलेला पैसा दुसऱ्या खात्यातून शस्त्रक्रियांवर खर्च होत होता, इतकेच.

कार्ल्सकूगाने क्रम उलटा केला. यंत्रे तीच, बर्फ तेवढेच; त्यामुळे या बदलास वेगळा खर्च लागला नाही. पुढे स्टॉकहोमनेही पादपथ, सायकलमार्ग व बसमार्ग यांस अग्रक्रम दिला. ९ नोव्हेंबर २०१६ रोजी तेथे सुमारे ३९ सेंटीमीटर बर्फ साचले, बसगाड्या बंद पडल्या, आणि दोष नव्या धोरणावर ढकलण्यात आला. हा आक्षेप टिकणारा नाही. नोव्हेंबरात एवढे बर्फ शतकभरात पडले नव्हते, आणि इतक्या बर्फापुढे कोणताही क्रम कोलमडला असता. मात्र रुग्णवाहिका, अग्निशामक बंब व बसगाड्या यांना वाहनमार्ग मोकळा लागतोच, हा त्यातील खरा अंश नाकारता येत नाही. बसथांब्यापर्यंतची वाट मोकळी आणि बसच नाही, तर पादचाऱ्याचा काय लाभ?

नुसता क्रम बदलूनही काम पुरे होत नाही. १९९८ च्या स्वीडिश कायद्यान्वये पादपथ साफ ठेवण्याची जबाबदारी नगरपालिकेस लगतच्या मिळकतदारांवर सोपविता येते. जेथे ती अशी सोपविलेली असते तेथे पादपथाचे घरागणिक तुकडे पडतात. दहा घरांसमोर खडी टाकलेली असते आणि अकराव्यासमोर थर तसाच असतो. मोटारीच्या मार्गाची अशी वाटणी कोणी करीत नाही.