अहवाल एकच, रुग्ण वेगळे

एकाच घरातल्या दोघींचे लघवीचे अहवाल एकाच आठवड्यात आले, असे समजा. सासूबाई बहात्तर वर्षांच्या. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी ज्या सरसकट तपासण्या झाल्या, त्यांत कुणीतरी लघवीचे कल्चरही करून टाकले. सून चार महिन्यांची गरोदर, तिची तपासणी नाव नोंदवताना झालेली. दोघींना ना जळजळ, ना ताप, ना सारखे लघवीला धावणे. अहवालात मात्र दोघींच्या नावापुढे एकच ओळ : ई. कोलाय, एका मिलिलिटरमध्ये एक लाखाहून अधिक. डॉक्टरांनी सुनेला प्रतिजैविकाच्या गोळ्या लिहून दिल्या. सासूबाईंना काहीच दिले नाही. म्हाताऱ्या माणसाकडे कोण लक्ष देतो, अशी कुरकुर घरात सुरू झाली.

प्रत्यक्षात डॉक्टरांनी दोघींकडेही नीट लक्ष दिले होते. लघवीत जिवाणू सापडणे आणि मूत्रमार्गाचा संसर्ग होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतली कोणती खरी, हे जिवाणूच्या नावावरून जितके ठरते तितकेच तो कोणाच्या शरीरात आहे यावरून ठरते.

ई. कोलाय हा आपल्या आतड्यातला कायमचा रहिवासी. थिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञाने १८८५मध्ये त्याचे वर्णन केले आणि त्याच्याच नावावरून जिवाणूचे नाव पडले. आतड्यात तो सहसा निरुपद्रवी असतो. मात्र त्याच्या काही जातींच्या अंगावर अतिसूक्ष्म केसांसारखे तंतू असतात आणि त्यांच्या टोकाला मूत्राशयाच्या अस्तराला घट्ट पकडणारे प्रथिन असते. लघवीच्या धारेबरोबर इतर जिवाणू वाहून जातात, हा चिकटून राहतो. काही जातींकडे मूत्रपिंडापर्यंत चढून तिथे पकड घेणारे वेगळे तंतूही असतात. साध्या मूत्रसंसर्गांपैकी सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहूनही अधिक याच जिवाणूमुळे होतात. बायकांमध्ये मूत्रनलिका जेमतेम चार सेंटिमीटर लांब आणि तिचे तोंड गुदद्वाराजवळ, त्यामुळे त्याला प्रवासही फार करावा लागत नाही. पुरुषांत हेच अंतर वीस सेंटिमीटरच्या आसपास असते. म्हणूनच पुरुषाला मूत्रसंसर्ग झाला की प्रोस्टेटची वाढ, खडा किंवा लघवीच्या वाटेतला अडथळा आहे का, हे पाहावे लागते.

अहवालातल्या ‘एक लाख’ या आकड्याचीही एक गोष्ट आहे. नमुना घेताना त्वचेवरचे जिवाणू बाटलीत पडतातच. मग खरी वाढ कोणती आणि सांडलवंड कोणती, हे ओळखायचे कसे? अमेरिकी डॉक्टर एडवर्ड कास यांनी १९५०च्या दशकात गरोदर स्त्रिया आणि मूत्रपिंडाच्या संसर्गाचे रुग्ण यांच्या लघवीत जिवाणू मोजून ही सीमारेषा सुचवली. ती सोयीची होती, म्हणून जगभर रुजली आणि हळूहळू ब्रह्मवाक्य होऊन बसली. पण असह्य जळजळ होणाऱ्या तरुणीच्या लघवीत हजारभर जिवाणू असले तरी तिला संसर्ग असू शकतो, आणि काहीच त्रास नसलेल्या आजींच्या लघवीत लाखो असले तरी तो आजार नसू शकतो.

गरोदरपणाची बाब निराळी. त्या काळातल्या संप्रेरकांमुळे मूत्रपिंडाकडून येणाऱ्या नळ्या सैलावतात, वाढते गर्भाशय त्यांच्यावर दाब देते आणि लघवी वाटेत तुंबते. मूत्राशयात गुपचूप बसलेल्या जिवाणूला वर चढायला ही वाट मोकळीच. जुन्या अभ्यासांमध्ये, त्रास नाही म्हणून औषध न दिलेल्या अशा स्त्रियांपैकी २० ते ३५ टक्क्यांना पुढे मूत्रपिंडाचा संसर्ग झालेला दिसतो. थंडी वाजून ताप येतो, आणि त्यातून मुदतीआधी प्रसूती होण्याचा धोका संभवतो. म्हणून गरोदर स्त्रीच्या बाबतीत डॉक्टर लक्षणांची वाट पाहत नाहीत.

सासूबाईंच्या शरीरात घडते ते वेगळे. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटते, योनिमार्गातले उपकारक लॅक्टोबॅसिलस जिवाणू ओसरतात आणि ती मोकळी जागा आतड्यातले जिवाणू घेतात. मूत्राशयही पूर्वीसारखे पूर्ण रिकामे होत नाही. म्हातारपणी लघवीत जिवाणू सापडणे त्यामुळे अगदी नेहमीचे. लक्षणे नसताना त्यांना औषध देऊन पाहिलेल्या अभ्यासांत फायदा आढळला नाही. औषधाचे दुष्परिणाम तेवढे वाढले, आणि काही दिवसांनी जिवाणू परतले ते अनेकदा अधिक निबर होऊन. मधुमेही व्यक्तींनाही हेच लागू आहे. मात्र मधुमेहात लक्षणे दिसली तर एक दिवसही अंगावर काढू नये, कारण साखर बेताल असेल तर संसर्ग मूत्रपिंडात वेगाने पसरू शकतो. लघवीची नळी, म्हणजे कॅथेटर, बसवलेल्या रुग्णात तर महिनाभरात जवळपास प्रत्येकाच्या लघवीत जिवाणू सापडतात. तिथे खरा उपाय नळी लवकरात लवकर काढणे हाच.

जिवाणूचे नाव महत्त्वाचे ठरते ते काही ठिकाणी. प्रोटियस हा जिवाणू लघवीतल्या युरियापासून अमोनिया तयार करतो, लघवी अल्कधर्मी होते आणि खडे जमू लागतात. तो वारंवार सापडला तर सोनोग्राफीत खडा शोधावा लागतो. शिवाय मूत्राशयाच्या संसर्गावर सर्रास दिली जाणारी नायट्रोफ्युरँटोइन त्याच्यावर चालतच नाही. ई. कोलायवर ती अजून बऱ्यापैकी चालते, पण मूत्रपिंडाच्या पेशीजालात पुरेशी पोहोचत नाही. म्हणजे जळजळ असलेल्या एका बाईला लागू पडलेली गोळी, ताप आणि कंबरदुखी असलेल्या तिच्या शेजारणीला निरुपयोगी ठरू शकते. औषधाच्या दुकानात ‘मागच्या वेळची तीच द्या’ म्हणणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही. मागच्या वेळच्या उरलेल्या दोन गोळ्या गिळून मग कल्चरला जाणे हा तर त्याहून वाईट प्रकार : जिवाणू दबतो, अहवाल कोरा येतो आणि दुखणे तसेच राहते.

नमुना कसा घेतला यावरही बरेच अवलंबून असते. जागा पाण्याने धुऊन, सुरुवातीची धार सोडून मधली धार निर्जंतुक डबीत घ्यायची आणि दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवायची. जमत नसेल तर फ्रीजमध्ये ठेवायची. सकाळी घेतलेली डबी पिशवीत घालून दुपारपर्यंत रिक्षा-बसमधून फिरवली, तर मूठभर जिवाणूंचे लाख होतात. अहवालात एकदम तीन-चार प्रकारचे जिवाणू आले, तर बहुतेक वेळा नमुनाच बिघडलेला असतो.

आपल्याकडे उन्हाळी लागली की धने-जिऱ्याचे पाणी, बार्ली किंवा सब्जा हे घरोघरीचे उपाय. त्यांतल्या धन्या-जिऱ्याचे श्रेय किती कोण जाणे, पाण्याचे नक्की. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या बल्गेरियातल्या एका चाचणीत, वारंवार मूत्रसंसर्ग होणाऱ्या आणि कमी पाणी पिणाऱ्या १४० स्त्रियांपैकी निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितले. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. पण पाणी प्यायचे तर लघवीला जायला जागा हवी. एसटी स्थानकावर, बाजारात, उसाच्या फडावर ती नसते, म्हणून बायका सकाळपासून पाणीच टाळतात. मुंबईत २०११पासून ‘राइट टू पी’ मोहीम चालवावी लागली ती याच प्रश्नावर.

त्या घरातल्या सुनेने डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस गोळ्या घ्यायच्या आणि त्यानंतर पुन्हा एकदा कल्चर करायचे. सासूबाईंनी कल्चर पुन्हा करायचे नाही. नव्याने जळजळ सुरू झाली, थंडी वाजून ताप आला, कुशीत दुखले किंवा लघवीतून रक्त गेले, तर मात्र लगेच दाखवायचे. मोतीबिंदूची तारीख पुढे ढकलायचे काही कारण नाही.