कोठडीतले कैदी आणि टेलचे शेतकरी

खेळ-सिद्धांताचा विषय निघाला की वेगवेगळ्या कोठड्यांत बसवलेले दोन कैदी हजर होतातच. दोघेही गप्प राहिले तर थोडक्या शिक्षेवर सुटतील. पण दुसऱ्याने तोंड उघडलं तर? त्या धास्तीने दोघेही कबुली देतात आणि गोत्यात येतात. 1950 मध्ये अल्बर्ट टकर यांनी ही गोष्ट रचली आणि पेचाला तिचंच नाव चिकटलं. मूळ पेच मात्र रँड संस्थेतल्या मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर यांचा. त्यांची आठवण फारशी कोणी काढत नाही. त्यांच्या प्रयोगाची तर त्याहून नाही.

त्याच वर्षी जानेवारीत त्यांनी अर्थतज्ज्ञ आर्मेन अल्चियन आणि गणितज्ञ जॉन विल्यम्स यांना हा खेळ सलग 100 डाव खेळायला लावला. गणितज्ञ जॉन नॅश यांच्या नव्याकोऱ्या गणितानुसार दोघांनी प्रत्येक डावात दगा द्यायला हवा होता. प्रत्यक्षात 60 डावांत दोघांनीही साथ दिली! नॅश यांनी आक्षेप घेतला, की हे शंभर सुटे डाव नव्हेत, एकच लांबलचक खेळ आहे. आक्षेप बिनतोड. पण खरी मेख त्यातच होती: पुन्हा गाठ पडणार असेल तर साथ देणं परवडतं.

असा लांबलचक खेळ नाशिकच्या सातपूरच्या उत्तरेला, दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाच्या पाण्यावर खेळला गेला. वरच्या शेतकऱ्याने पाटाचं पाणी हवं तेवढं घेतलं तरी त्याचं काही बिघडत नसे. पाटाच्या शेवटचा, म्हणजे टेलचा, शेतकरी कोरडा. 1990 नंतर ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राने, बापूसाहेब उपाध्ये यांच्या पुढाकाराने, बाणगंगा, महात्मा फुले आणि जय योगेश्वर या पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पाणी मोजून मिळू लागलं, पट्टीही मोजूनच. आता चोरलेलं पाणी सरकारचं राहिलं नाही, शेजाऱ्याचं झालं. आणि त्या शेजाऱ्याशी पुढच्या आवर्तनातही गाठ होती. पुढे अशा 24 संस्थांनी मिळून अख्ख्या प्रकल्पाचा कारभार हाती घेतला. लोक सामायिक संपत्ती स्वतः राखू शकतात हे दाखवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना नोबेल मिळालं ते 2009 मध्ये.

सातपूर औद्योगिक वसाहतीतून वाहणाऱ्या नंदिनीचा, म्हणजे नासर्डीचा, पेच याच जातीचा. प्रक्रियेचा खर्च एकट्याचा, नदीचं नुकसान सगळ्यांचं. इथे मात्र नाल्यात कोणी काय सोडलं ते शेजारच्या शेडवाल्यालाही कळत नाही. प्रत्येक युनिटच्या सांडपाण्याचे आकडे वसाहतीत सगळ्यांना दिसतील असे फलकावर लागावेत, ही मागणी उद्योजक संघटनांनीच करायला हवी.