सीलबंद खोक्याची बोली

ठाणे-डोंबिवलीत कुणाच्या माळ्यावर क्रिकेट अ‍ॅटॅक्सचं न फोडलेलं खोकं असेल. लिलावात ते ठेवताना आपण विकतो काय? आत खरे पत्ते आहेत, हा भरवसा. कारण फोडून दाखवलं, की भाव गेला!

2021च्या अखेरीस अमेरिकेत लोगन पॉलने पोकेमॉनची सीलबंद पेटी 35 लाख डॉलरला घेतली. तपासणीचा दाखलाही होता, बरं का. जानेवारी 2022मध्ये फोडली, तर आत जी. आय. जोचे पत्ते!

म्हणून आपण खरेदीची पावती जपू, सहाही बाजूंचे फोटो काढू, खोकं पावसाळी ओलीपासून सांभाळू. आणि लिलावगृहाकडून तीन गोष्टी लेखी घेऊ: किमान राखीव किंमत, दलाली, आणि माल बनावट निघाल्यास पैसे कोण परत करणार.